ऑन्टारिओच्या सरोवरातले बेट घेताना

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात लहानमोठी मिळून सुमारे अडीच लाख सरोवरे आहेत, आणि त्यांपैकी जी विस्तीर्ण आहेत त्यांच्या पाण्यात ग्रॅनाइटच्या खडकांची, पाइन व सीडर वृक्षांनी आच्छादलेली बेटे इतकी दाट पसरली आहेत की, ह्यूरन सरोवराच्या जॉर्जियन उपसागरातील पूर्वेकडच्या द्वीपसमूहाला ‘तीस हजार बेटे’ हेच नाव पडले आहे. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या नगरांतून स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांचे राहत्या घरावरील कर्ज फिटत आले आहे आणि ज्यांना उन्हाळ्याचे दोन महिने नगरापासून दूर काढण्याची ओढ आहे, त्यांच्या मनात अशा एखाद्या बेटावर लाकडी घर बांधण्याची कल्पना येते, आणि ती कळताच पुण्या-मुंबईकडील आप्तेष्टही आपला हिस्सा घालण्यास उत्सुक होतात. या इच्छेत मला गैर असे काही दिसत नाही. तिच्या मागे निसर्गाविषयीचे खरे प्रेम असते, आणि आपल्या मुलाबाळांनी होडी वल्हवावी, पोहावे, रात्री नक्षत्रे पाहावीत असे वाटणे हे कोणत्याही पालकाला शोभणारेच आहे. परंतु या व्यवहाराची प्रकृती नगरातल्या सदनिकेच्या किंवा गावाकडच्या शेताच्या व्यवहाराहून अगदी भिन्न असल्यामुळे, ज्या गोष्टी इसार देण्यापूर्वी ध्यानात यावयास हव्यात त्या पुष्कळदा खरेदीखत झाल्यावर ध्यानात येतात.

माझे सांगणे थोडक्यात असे आहे की, बेट घेणाऱ्याने झाडी, सूर्यास्ताची दिशा आणि क्षेत्रफळ यांचा विचार मागाहून करावा, आणि आधी काठ व वाट या दोनच गोष्टींची कसून चौकशी करावी. काठ कायद्याने कोणाचा आहे, आणि त्या काठापर्यंत वर्षाच्या बाराही महिन्यांत पोहोचावयाचे कसे, यांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर उरलेल्या अडचणी पैशाने, श्रमाने आणि धीराने सुटतात. ती मिळाली नाहीत तर कितीही सुंदर बेट निरुपयोगी ठरते.

तत्पूर्वी खरेदीदाराच्या पात्रतेचा विषय संपवू. कॅनडाचे नागरिक आणि तेथील कायम रहिवासी यांना कसलीही आडकाठी नाही. इतरांसाठी २०२३ च्या १ जानेवारीपासून संघीय कायद्याने निवासी मिळकत विकत घेण्यास मनाई केलेली असून तिची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवण्यात आली आहे; मात्र ही मनाई जनगणनेतील महानगर व नगरसमूह क्षेत्रांपुरतीच असल्यामुळे दूरवरच्या सरोवरांतील बहुतेक बेटे तिच्या कक्षेबाहेर राहतात. मनाई नसली तरी कर आहे, आणि तो भारी आहे. ऑन्टारिओ सरकार ऑक्टोबर २०२२ पासून संपूर्ण प्रांतात परकीय खरेदीदाराकडून घर असलेल्या मिळकतीच्या किमतीवर पंचवीस टक्के विशेष कर घेते, आणि नित्याचा हस्तांतरण-कर त्याखेरीज वेगळा भरावा लागतो. यातली मेख अशी की, खरेदीदारांपैकी एक जण जरी परकीय असला तरी हा कर त्याच्या हिश्श्यापुरता न बसता, सामान्यतः संपूर्ण किमतीवर बसतो. म्हणजे टोरांटोच्या भावाने ऐंशी टक्के आणि पुण्याच्या भावाने वीस टक्के रक्कम घालून दोघांच्या नावे कॉटेज घेतले, तर पुण्याच्या भावाच्या प्रेमापोटी साऱ्या किमतीचा चतुर्थांश सरकारजमा होईल. आप्तांना मदत करावयाचीच असेल तर ती खरोखरीची भेट म्हणून, मालकीचा कोणताही छुपा करार न ठेवता करावी. भारतातून अशी रक्कम पाठवण्यास रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखाली प्रत्येक निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरांची मर्यादा आहे, आणि दहा लाख रुपयांपुढील रकमेवर बँक वीस टक्के कर आगाऊ कापून घेते, ज्याचा परतावा विवरणपत्र भरताना मागता येतो. जे भारतनिवासी स्वतःच्या नावे परदेशी स्थावर घेतील त्यांनी दरवर्षीच्या विवरणपत्रात त्याची नोंद चुकवू नये. २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याने या एका कसुरीबद्दल दहा लाख रुपये दंड होऊ शकतो.

आता काठाकडे वळू. ऑन्टारिओची जमीन-नोंदणी सुव्यवस्थित आहे, प्रत्येक मिळकतीला स्वतंत्र क्रमांक आहे, आणि तेथील वकील थोड्या दिवसांत मालकी, तारण आणि बोजा यांचा उतारा काढून देतो. म्हणून पुष्कळ खरेदीदार तेवढ्यावर संतुष्ट होतात. बेटाच्या बाबतीत तेवढे पुरेसे नाही. या प्रांतातली खाजगी जमीन मुळात इंग्लंडच्या राजसत्तेने सनदेने दिलेली आहे, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या सनदांत सरकारने स्वतःकडे राखून ठेवलेले हक्क आजही जिवंत असू शकतात. कोठे भूगर्भातील खनिजे राखलेली असतात, कोठे पाइनची झाडे, कोठे धरणामुळे पाणी चढल्यास अमुक पातळीपर्यंतची जमीन बुडवण्याचा अधिकार, तर कोठे जहाजांना व होड्यांना काठावर उतरण्याची मुभा. म्हणून वकिलाला नुसता चालू उतारा न मागता मूळ सनदेची प्रत मागावी, ती स्वतः वाचावी आणि तिच्यातील प्रत्येक राखीव कलमाचा अर्थ त्याच्याकडून लेखी घ्यावा.

याहूनही अधिक घोटाळा होतो तो काठाच्या राखीव रस्त्याविषयी. जुन्या सरकारी मोजणीत अनेक परगण्यांतून सरोवराच्या कडेने एक साखळी, म्हणजे ६६ फूट, रुंदीची पट्टी सार्वजनिक वाटेसाठी सोडलेली होती. प्रत्यक्षात तेथे वाट कधी झालीच नाही. खडक आणि झाडी तशीच राहिली, पुढे आलेल्या मालकांनी त्याच पट्टीवर आपापली होडीघरे, पायऱ्या, क्वचित राहते घरसुद्धा बांधले, आणि तीन पिढ्यांची वहिवाट झाल्यामुळे ती जागा आपलीच आहे अशी सर्वांची समजूत होऊन बसली. कायद्याने मात्र ती स्थानिक नगरपालिकेची असते. नगरपालिका ठराव करून अशी पट्टी बंद करते आणि लगतच्या मालकाला विकतेही, परंतु त्यासाठी मोजणी, शेजाऱ्यांच्या हरकती, शुल्क आणि काही महिन्यांचा अवधी लागतो. ज्या बेटाला अशी पट्टी आहे तेथे ती आधीच विकत घेतली गेली आहे काय, हे पाहावे. नसल्यास ते काम विक्रेत्याने पुरे करून देण्याची अट साठेखतात घालावी.

पाण्याखालची जमीन तर जवळजवळ सर्वत्र सरकारची आहे. आपल्या काठासमोर धक्का बांधण्यास सामान्यतः आडकाठी नसते, आणि तरंगता धक्का टाकण्यास परवान्याचीही गरज पडत नाही. परंतु सरोवराच्या तळावर टेकणाऱ्या आधारांचे एकूण क्षेत्र १५ चौरस मीटरांपेक्षा अधिक झाले की सार्वजनिक जमीन कायद्याखालील काम-परवाना घ्यावा लागतो, आणि मासे अंडी घालतात त्या काळात पाण्यातले काम बंद ठेवावे लागते. विक्रेता अभिमानाने दाखवतो ते जुने, दगडांनी भरलेल्या लाकडी पेटाऱ्यांवर उभे असलेले भक्कम होडीघर परवान्याने उभारलेले आहे की नाही, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

बेटांच्या बाजारात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: अनेक बेटे पिढ्यान् पिढ्या अमेरिकी कुटुंबांच्या मालकीची आहेत. विक्रेता कॅनडाचा रहिवासी नसेल तर त्याने तेथील आयकर खात्याचे विक्रीसंबंधीचे प्रमाणपत्र आणावयाचे असते. ते न मिळता आपण पूर्ण रक्कम त्याच्या हाती दिली तर त्याच्या कराची जबाबदारी कायद्याने आपल्यावर येते. आपला वकील या जबाबदारीपुरती रक्कम रोखून ठेवील. तो ठेवीत नसेल तर वकील बदलावा.

किमतीच्या मानाने एखादे बेट फारच स्वस्त दिसले, तर ते मालकीहक्काचे आहे की भाडेपट्ट्याचे, हा पहिला प्रश्न. काही बेटे सरकारी पट्ट्यावर, तर काही मूळनिवासी जमातींच्या राखीव भूमीतील म्हणून ठरावीक मुदतीच्या पट्ट्यावर दिलेली असतात. मुदत संपल्यावर पट्टा वाढवून मिळेलच अशी शाश्वती नसते, आणि बांधलेल्या घराचे काय होणार हे पट्ट्याच्या कलमांवर अवलंबून राहते. यात अन्याय काही नाही. जमीन पट्टा देणाऱ्यांची आहे.

मूळनिवासींच्या हक्काचा विषय केवळ पट्ट्यापुरता नाही, हे टेमागामी सरोवराच्या इतिहासावरून स्पष्ट होते. टोरांटोच्या उत्तरेस, नॉर्थ बे नगराच्या पलीकडे असलेल्या या अनेक शाखांच्या सरोवरात हजाराहून अधिक बेटे आहेत, आणि किनाऱ्याचे रान अखंड राहावे म्हणून तेथे कॉटेजे मुख्य भूमीवर न बांधता बेटांवरच बांधावीत हे धोरण दीर्घकाळ चालत आले आहे. बेअर आयलंड या बेटावर टेमागामी जमातीची वस्ती आहे. तेथील टेमे-ऑगामा अनिश्नाबाई लोकांनी १९७३ साली, आपण १८५० च्या रॉबिन्सन-ह्यूरन तहावर कधी सही केलीच नाही या भूमिकेवरून, ११० परगण्यांतील सरकारी जमिनीवर आपल्या हक्काची हरकत नोंदवली, आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ तेथे सरकारी जमिनीचे नवे हस्तांतरण थांबले. १९९१ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा मूळ हक्क तहाच्या व्यवस्थेत विलीन झाल्याचा निर्णय दिला, पण त्याच निर्णयात राजसत्तेने त्यांच्याप्रती असलेल्या विश्वस्त-कर्तव्याचा भंग केल्याचेही मान्य केले. ज्या खाजगी मिळकतींचे खरेदीखत आधीच झालेले होते त्यांच्यावर या हरकतीने गदा आली नाही. तरीही नव्याने जाणाऱ्याने हा इतिहास वाचून जावे. जे पाणी आपण सुटीसाठी निवडतो ते त्या लोकांच्या मासेमारीचे, दफनभूमीचे आणि नित्य जाण्यायेण्याचे पाणी आहे. त्यांना शेजारी म्हणून मानाने भेटणे हे आपले कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते.

आता वाट. बेटाच्या जाहिरातीत होडीने दहा मिनिटे लागतात असे लिहिलेले असते. ती होडी कोठून सुटते आणि आपली मोटार कोठे उभी राहते हे लिहिलेले नसते. मुख्य भूमीवर मोटार ठेवण्याची जागा आणि होडी बांधण्याचा धक्का यांचा नोंदणीकृत, मिळकतीसोबत हस्तांतरित होणारा हक्क खरेदीत मिळतो की नाही, यावर बेटाची निम्मी किंमत अवलंबून आहे असे मी मानतो. तसा हक्क नसेल तर एखाद्या खाजगी मरीनाकडे वार्षिक भाड्याने जागा घ्यावी लागते. तो मरीना उद्या विकला गेला, बंद झाला किंवा त्याने भाडे वाढवले, तर आपल्या बेटाकडे जाण्याचा दरवाजा दुसऱ्याच्या हाती जातो. अनेक बँका वर्षभर रस्ता नसलेल्या मिळकतीवर कर्ज देण्यास नाखूश असतात किंवा अधिक मोठी आरंभीची रक्कम मागतात, हेही याच ठिकाणी सांगून ठेवतो.

पाणी गोठण्याचा आणि बर्फ फुटण्याचा काळ हा बेटवासीयांचा खरा कसोटीचा काळ होय. टेमागामीसारख्या उत्तरेकडच्या सरोवरांवर साधारणतः डिसेंबरात बर्फ धरते आणि एप्रिलअखेर वा मेच्या आरंभी ते फुटते. या दोन्ही संधिकालांत काही आठवडे असे जातात की होडी चालत नाही आणि बर्फावर पाऊल टाकणे जिवावर बेतते. त्या आठवड्यांत बेटावर कोणी आजारी पडले तर मदत पोहोचणे दुरापास्त असते. भर हिवाळ्यात हिममोटारीने बेटावर जाता येते, आणि जड सामान नेण्यास अनेक जण तोच ऋतू निवडतात. परंतु कॅनडाच्या रेड क्रॉसने घालून दिलेली मापे तोंडपाठ असावीत: एकट्या माणसाला चालण्यास किमान १५ सेंटीमीटर, मंडळी एकत्र जाणार असतील तर २०, आणि हिममोटारीला २५. ही मापे स्वच्छ निळसर बर्फाची आहेत. पांढरे, हिममिश्रित बर्फ त्याच्या निम्मेच बळकट असते, आणि करड्या बर्फावर जाऊच नये. उन्हाळ्यात मोटारहोडी चालवण्यासाठी चालकाजवळ चालक-पत्र असावे लागते, आणि होडीतल्या प्रत्येक माणसासाठी अंगाला बसेल असे जीवरक्षक जाकीट असावे लागते. मेमधले पाणी इतके थंड असते की पट्टीचा पोहणाराही थोड्याच वेळात हातपाय हलवू शकत नाही. तेव्हा जाकीट होडीत ठेवू नये, अंगात घालावे.

म्हणून ज्या सरोवरावर बेट घ्यावयाचे तेथे आधी एक उन्हाळा भाड्याच्या कॉटेजमध्ये काढावा, आणि पसंत पडलेले बेट जुलैप्रमाणेच नोव्हेंबरातही, वारा सुटलेल्या दिवशी, जाऊन पाहावे.

बांधकामाविषयी सांगावयाचे ते पुष्कळ आहे, पण त्यात मुख्य प्रश्न घराचा नसून मैल्याचा आहे. ऑन्टारिओच्या बांधकाम-संहितेनुसार सेप्टिक टाकी आणि तिचे पाणी मुरवणारे शोषक्षेत्र सरोवरापासून किमान १५ मीटर दूर लागते, आणि कित्येक नगरपालिका त्याहून अधिक, ३० मीटरांपर्यंत, अंतर मागतात. शिवाय शोषनलिकांखाली खडक लागेपर्यंत किंवा भूजल लागेपर्यंत ९० सेंटीमीटर योग्य मातीचा थर असावा लागतो. कॅनडाच्या प्राचीन ग्रॅनाइटच्या ढालीवरील बेटावर एवढी माती सहसा नसते. तेथे वाळू बार्जवर लादून आणावी लागते, आणि लहान बेटावर तर चहूकडून पंधरा-पंधरा मीटर सोडल्यावर जागाच उरत नाही. मैला साठवून ठेवणारी बंद टाकी हा उपाय कागदावर सोपा दिसतो, पण ती उपसणारी गाडी पाण्यावरून सहजी येऊ शकत नाही. अशा ठिकाणी खत-संडास आणि न्हाणीच्या पाण्यासाठी वेगळा खड्डा ही व्यवस्था संहितेला मान्य आहे, व लहान कुटुंबाला ती उत्तम चालते. तात्पर्य हे की, आराखडा काढणाऱ्याकडे जाण्यापूर्वी सांडपाण्याच्या परवानाधारक तज्ज्ञाला बेटावर न्यावे, आणि त्याच्या अनुकूल अहवालाची अट साठेखतातच घालावी. ज्या भागात नगरपालिकाच नाही तेथे घराचा बांधकाम-परवाना लागत नसला तरी सांडपाण्याचा लागतोच.

घर लहान बांधावे. प्रत्येक फळी, प्रत्येक सिमेंटचे पोते आणि जुन्या छपराचा प्रत्येक टाकाऊ तुकडा दोनदा उचलावा लागतो, एकदा मोटारीतून बार्जवर आणि एकदा बार्जवरून खडकावर. त्यामुळे मुख्य भूमीवरच्या खर्चाच्या अंदाजावर विसंबणाऱ्याची रक्कम भिंती उभ्या राहतानाच संपते. खडक उघडा असल्यास पाया खोदण्याची गरज नसते. ग्रॅनाइटमध्ये भोके पाडून, त्यांत पोलादी सळया सिमेंटाच्या लगद्याने बसवून त्यांवर खांब उभे करतात, आणि खडकाखाली पाणी गोठून जमीन फुगण्याचे भय नसल्यामुळे असा पाया दीर्घकाळ टिकतो. पहिल्या वर्षी एवढेच करावे: धक्का, सामानाची एक कोठडी आणि तंबूसाठी लाकडी ओटा. वारा कोठून येतो, हिम कोठे साचते, वसंतात वितळलेले पाणी कोठून वाहते हे एक वर्ष पाहिल्यावर घराची जागा आपोआप ठरते, आणि ती विकत घेताना मनात धरलेल्या जागेहून बहुधा निराळी असते.

धक्क्याच्या बाबतीत सरोवराच्या पातळीचा इतिहास पाहावा. ह्यूरन सरोवराची, आणि म्हणून जॉर्जियन उपसागराची, मासिक सरासरी पातळी ऑक्टोबर १९८६ मध्ये समुद्रसपाटीपासून १७७.५० मीटर या उच्चांकाला गेली होती, आणि जानेवारी २०१३ मध्ये ती १७५.५७ मीटरपर्यंत उतरली. म्हणजे जवळजवळ दोन मीटरांचा फरक. अशा पाण्यावर स्थिर धक्का बांधणाऱ्याची होडी काही वर्षे चिखलात रुतते आणि काही वर्षे फळ्यांवर तरंगते. तेथे तरंगता धक्काच योग्य, आणि तोही हिवाळ्यापूर्वी बर्फाच्या रेट्यातून बाजूला घ्यावा.

बाकीच्या सोयी फारसा त्रास देत नाहीत. पिण्याचे पाणी सरोवरातून उपसून गाळणी आणि अतिनील किरणांच्या उपकरणातून शुद्ध करतात. विजेसाठी सौरपट्ट व बॅटऱ्या, आणि स्वयंपाकास प्रोपेन वायू पुरतो. विमा-कंपनी मात्र लाकूड जाळण्याची शेगडी तज्ज्ञाने तपासल्याचे प्रमाणपत्र मागते, कारण आगीचा बंब बेटावर येत नाही. स्वतःचा पाण्याचा पंप आणि लांब नळी १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या वणव्याच्या हंगामात सज्ज ठेवावी. जॉर्जियन उपसागराच्या बेटांवर मॅसासॉगा रॅटलस्नेक हा लाजरा विषारी साप आढळतो. तो संरक्षित आहे. त्याला मारू नये, मुलांना बूट घालून हिंडण्यास शिकवावे.

शेवटी वारशाचा प्रश्न, जो घेताना कोणी काढीत नाही. ऑन्टारिओतील स्थावराचा वारसा तेथील कायद्यानेच ठरतो, आणि मालकाच्या मृत्यूसमयी कॅनडाचे आयकर खाते ती मिळकत त्या दिवशीच्या बाजारभावाने विकली गेली असे धरून वाढलेल्या किमतीवर कर आकारते; पती किंवा पत्नीकडे ती जात असेल तर हा प्रसंग पुढे ढकलला जातो, मुलांकडे जात असेल तर ढकलला जात नाही. वीस वर्षांत किंमत कित्येक पटींनी वाढलेले बेट केवळ हा कर भरण्यासाठी विकावे लागणे ही तेथे नित्याची गोष्ट आहे. म्हणून खरेदीच्या वर्षीच ऑन्टारिओतील वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्यावे, आणि भावंडांनी किंवा मित्रांनी मिळून बेट घेतले असेल तर कर, दुरुस्ती, कोणत्या आठवड्यात कोणी राहावयाचे आणि एकाला बाहेर पडावयाचे झाल्यास त्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरवावयाची, हे सर्व करारात लिहून त्यावर सह्या कराव्यात. असा करार करण्याची ज्यांची तयारी नाही त्यांनी एकत्र मिळून बेट घेऊ नये.